‘शकुंतला’चे वाफेचे इंजिन : एका रूढ कथनाची चिकित्सा

प्रस्तावना :
वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या शाखा-लोहमार्गांत मूर्तिजापूर (जि. अकोला) येथून निघणाऱ्या दोन नॅरोगेज मार्गांना विशेष महत्त्व आहे. त्यांपैकी अमरावती जिल्ह्यातील अचलपूरकडे जाणारा मार्ग ७६ कि.मी., तर यवतमाळकडे जाणारा ११३ कि.मी. लांबीचा होता. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि संचालन प्रथम जी.आय.पी. रेल्वेचे व पुढे मध्य रेल्वेचे, अशी ही व्यवस्था होती. लोकांनी या गाडीस ‘शकुंतला’ हे नाव दिले. कंपनीच्या मालकीविषयी विपुल लेखन झाले. इंजिनाविषयी मात्र एकच कथन पुनःपुन्हा उद्धृत होत आले आहे.

रूढ कथन व त्यातील उणिवा :
मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले झेड.डी. इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे ही गाडी ओढत होते व १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली, असे हे कथन आहे. त्यात तीन प्रश्न अनुत्तरित राहतात.

पहिला प्रश्न एकवचनाचा आहे. ‘झेड.डी.’ हे एका इंजिनाचे नव्हे, तर वर्गाचे नाव आहे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक काळाने थंड करून धुवावा लागतो. १८९ कि.मी.च्या दोन मार्गांचा भार एकाच इंजिनाने वाहणे त्यामुळे संभवत नाही.

दुसरा प्रश्न नावाचा आहे. भारतीय रेल्वेत रुळांच्या रुंदीनुसार एक्स, वाय, झेड ही आद्याक्षरे देण्याची पद्धत १९२०च्या दशकातील प्रमाणित आराखड्यांबरोबर रुळली. तेव्हा १९२१ च्या इंजिनास हे नाव जन्मतःच मिळाले की नंतर, हे तपासणे अगत्याचे ठरते.

तिसरा प्रश्न निर्मात्याचा आहे. मँचेस्टर हे शहर आहे, कारखाना नव्हे. गॉर्टन येथील बेयर पीकॉक आणि पॅट्रिक्रॉफ्ट येथील नॅस्मिथ विल्सन हे दोन्ही कारखाने त्याच परिसरातले होते.

संशोधनाची साधने :
इंजिनाची खरी ओळख कारखान्याने दिलेल्या अनुक्रमांकात असते. दुरुस्तीच्या वेळी एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर चढविला जात असल्याने केवळ बाह्य रूपावरून निष्कर्ष काढता येत नाही. ह्यू ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्हज’ या ग्रंथमालेचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला तिसरा भाग नॅरोगेज इंजिनांविषयी आहे. शोधाचा आरंभ तेथून व्हावा, आणि कारखान्यांच्या नोंदी, रेल्वेचे वार्षिक अहवाल व लोकोशेडची दप्तरे यांच्याशी त्याचा पडताळा घ्यावा.

या संदर्भात आयर्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील ‘८००’ वर्गाची एक्स्प्रेस इंजिने १९३९-४० मध्ये डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात तयार झाली. ती तीनच होती, त्यांना आख्यायिकांतील राण्यांची नावे मिळाली आणि त्यांतील एक संग्रहालयात जतन झाले. त्यामुळे प्रत्येक इंजिनाचे चरित्र लिहिणे सुकर झाले. वऱ्हाडात नाव गाडीला मिळाले. इंजिने निनावी राहिली. अनेक इंजिनांचे श्रम एका काल्पनिक इंजिनाच्या खाती जमा होण्याचे हे एक प्रमुख कारण असावे.

निष्कर्ष :
एका इंजिनाची आख्यायिका आकर्षक असली, तरी ती इतिहासाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय या आख्यायिकेमुळे इंजिन चालते ठेवणारे ड्रायव्हर, फायरमन, फिटर व खलाशी दृष्टिआड होतात. सत्तर वर्षे टिकले ते केवळ मँचेस्टरचे लोखंड नव्हे, तर मूर्तिजापूरच्या कामगारांचे कौशल्यही होय. वाफेचे युग १९९४ साली संपले, म्हणजे त्या काळचे तरुण कामगारही आज वार्धक्याकडे झुकले आहेत. दप्तरे उद्याही उघडता येतील. या साक्षी मात्र उद्यापर्यंत थांबणार नाहीत. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचे हे कार्य प्राधान्याने हाती घेणे आवश्यक आहे.