हनुवटीवरचं गोंदण

नाशिकच्या पंचवटीतल्या एका घरात, बैठकीच्या खोलीत, पेन्सिलीनं काढलेलं एका आजींचं व्यक्तिचित्र लावलेलं आहे. कागद साधारण दीड फूट उंच, थोडा दाणेदार, पिवळसर झाक असलेला. आजींचा चेहरा आपल्या डावीकडे किंचित वळलेला. डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, गळ्यात बोरमाळ. खांद्यांपाशी चित्र थांबतं. शहरातल्याच एका चित्रकारानं हे घरच्यांच्या सांगण्यावरून, ठरलेलं मानधन घेऊन काढलं आहे.

अशी चित्रं कितीतरी घरांत असतात, पण त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही. प्रदर्शनात लागलेल्या चित्राला समीक्षक मिळतो. घरात लागलेल्या चित्राच्या वाट्याला ‘अगदी हुबेहूब!’ एवढीच दाद येते आणि लोक चहाकडे वळतात. या चित्रात साम्य आहेच, घरच्यांनी ते पाहताक्षणी मान्य केलं. पण साम्य साधल्यावर चित्रकारानं पुढे काय काय केलं, कुठे हात राखला, कुठे कागद तसाच सोडला, हे पाहू लागलं की हे चित्र आपल्याला बराच वेळ समोर उभं करतं.

आधी ते कशावरून काढलं ते सांगायला हवं. आजी निफाडकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांचा एकटीचा, नीट काढलेला फोटो घरात नव्हता. होता तो नातवाच्या लग्नातला गटफोटो. मांडवाबाहेर, भर दुपारी, मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आजी. डोक्यावर ऊन असलं की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे तेवढे उरतात. शिवाय लहान चेहरा मोठा केला की फोटोतले बारकावे विरघळून जातात. चौकटी आखून तो फोटो कागदावर उतरवणं सोपं होतं, पण मग ते खळगेही उतरले असते. चित्रकारानं घरच्यांना विचारलं, आजींसारखं दिसणारं कुणी आहे का? आजींच्या थोरल्या मुलीला, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आत्याला, त्यानं खिडकीशी बसवलं आणि तिच्या पापण्यांची, भुवईच्या हाडाची, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांची रेखाटनं केली.

या चित्रातला प्रकाश त्यामुळे मांडवातला नाही. तो त्या खिडकीतला आहे. डावीकडून, जरा वरून, मऊ येणारा. कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा कणा यांना तो स्पर्श करतो. उजवा गाल आणि कान सावलीत जातात. फोटोनं चेहऱ्याची मापं दिली आणि लेकीनं डोळे दिले. घरचे म्हणतात, ‘आजी अश्शीच बघायची.’ ते बघणं त्या फोटोत कुठेच नव्हतं.

आता जवळ जाऊ. पेन्सिलीच्या चित्रात सगळ्यात गडद जागा कुठे ठेवायची हा मोठा निर्णय असतो, कारण ग्राफाइटची गडद होण्याची ताकद मर्यादित आहे. कोळशाइतकं काळं ते होत नाही. फार दाबून घोटलं तर कागदाचा दाणा दबतो, तिथे चकाकी येते आणि बाजूनं पाहिलं की काळं दिसायच्या ऐवजी रुपेरी दिसतं. या चित्रकारानं आपला सगळ्यात गडद काळा दोन बुबुळांपुरता आणि पदराच्या आतल्या एका अरुंद सावलीपुरता राखून ठेवला आहे. बाकी सगळं चित्र त्याच्या अलीकडच्या करड्या छटांत चालतं. बुबुळातला चमकता बिंदू हा पांढऱ्या रंगाचा ठिपका नाही. तो कोरा कागद आहे. भोवतालचं सगळं भरताना ती मोहरीएवढी जागा पहिल्यापासून वाचवून ठेवावी लागते.

कुंकवाचा प्रश्न त्याहून अवघड. लाल रंग पेन्सिलीत करडा होतो. तो किती गडद करायचा? बुबुळांइतका काळा केला असता तर कपाळावर तिसरा डोळा उघडल्यासारखा झाला असता आणि नजर तिथेच अडकली असती. फिका केला असता तर आजींच्या चेहऱ्यावरचा तो ठसठशीतपणा गेला असता. इथे कुंकू बुबुळांपेक्षा दोन पायऱ्या फिकं आणि गालावरच्या सावलीपेक्षा एक पायरी गडद आहे. उजेडाकडची त्याची कड स्वच्छ आहे. दुसरी कड बोटानं टेकवलेल्या पिंजरेची असते तशी, किंचित विस्कटलेली. तेवढ्या विस्कटण्यानं आपल्याला कळतं की हे चिकटवलेलं टिकलीचं वर्तुळ नव्हे, रोज सकाळी हातानं लावलेलं कुंकू आहे.

पण माझ्या मते या चित्राचा कस हनुवटीवर लागतो. तिथे अगदी थोड्या जागेत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच करड्या रंगाच्या आहेत: ओठाखालची सावली, वयानं पडलेल्या सुरकुत्या आणि गोंदणाचे ठिपके. तिन्ही एकाच हातानं, एकाच पेन्सिलीनं काढल्या असत्या तर हनुवटी नुसती मळकट दिसली असती. चित्रकारानं सावली मऊ पेन्सिलीच्या आडव्या टोकानं, हलक्या थरांनी बसवली आहे. सुरकुत्यांना त्यानं रेघ म्हणून काढलेलंच नाही. प्रत्येक सुरकुती म्हणजे शेजारी शेजारी बसलेली एक उजळ आणि एक काळसर पट्टी, मधे कुठेही टोकदार रेषा नाही. आणि गोंदण मात्र कडक पेन्सिलीच्या अणकुचीदार टोकानं, सगळ्यात शेवटी, तयार झालेल्या त्वचेवर टोचल्यासारखं ठेवलं आहे. तीन ठिपके सारखे नाहीत. उजेडातला गोल आहे, मधला जरा लांबट, आणि हनुवटीच्या उतारावरचा तिसरा वळणाबरोबर आडवा होत सावलीत शिरतो. त्या तीन ठिपक्यांनी हनुवटीची सगळी गोलाई सांगितली आहे.

पांढरे केस काढण्याची रीतही अशीच पाहण्याजोगी आहे. पांढरा केस पेन्सिलीनं काढता येत नाही. त्याच्या मागचा अंधार काढावा लागतो. पदराखालची सावली गडद होत जाते आणि तिच्यातून कपाळाशी सुटलेल्या चार बटा आपोआप उजळतात. एकदोन ठिकाणी कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबराचं टोक करून ग्राफाइट अलगद उचललेलं दिसतं. हातात खोडरबर घेऊनही चित्र काढता येतं, याचा तिथे प्रत्यय येतो.

डावीकडच्या पदराची बाह्यरेषा कपाळाच्या वर हळूहळू फिकी होत जाते आणि एका ठिकाणी नाहीशी होते. पदर कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. उजेड इतका आहे की कड राहिलेली नाही. खांद्यांवर तर चारदोन झपाट्याचे फटकारे आहेत आणि मग काहीच नाही. घरच्यांपैकी एकानं सुरुवातीला विचारलं होतं म्हणे, की हे अर्धवट का ठेवलं? ते अर्धवट नाही. नजर चेहऱ्यावर राहावी म्हणून बाकीचं बोलणं आवरतं घेतलेलं आहे.

एका जागी मात्र चित्रकाराचं चाललेलं नाही असं वाटतं. बोरमाळेचा मणी न् मणी घोटून काढला आहे, प्रत्येकावर वेगळा उजेड. गळा सावलीत असताना त्यातले निम्मे मणी विरून जायला हवे होते. दागिना नीट दिसला पाहिजे अशी अट घरच्यांची असावी, आणि ती समजण्यासारखी आहे. ती माळ आजींची ओळख होती. सांगून काढून घेतलेल्या चित्रात ही ओढाताण असतेच. तिला कमीपणा मानायचं कारण नाही, पण पाहणाऱ्यानं ती ओळखावी. तोच चित्रकार गळ्यापाशी गिऱ्हाईकाचं ऐकतो आणि पदरापाशी स्वतःचं. दोन्ही एकाच कागदावर आहेत.

रेषेनं चेहरा कसा घडतो याचा आणखी एक नमुना प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्याचंही नाशिकशी नातं आहे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात. शंभर किंवा पाचशेच्या नोटेवरचे गांधीजी भिंगाखाली धरा. त्यांचं मूळ 1946च्या एका छायाचित्रात आहे, पण नोटेवर करडा रंग असा नाहीच. गाल म्हणजे वळणाबरोबर वाकत जाणाऱ्या बारीक रेषा. सावलीत त्या जाड होतात, उजेडात तुटत तुटत ठिपके होतात. बोट फिरवलं तर शाईचा उठाव लागतो. तिथे प्रत्येक रेषेची जागा कायमची ठरलेली आहे, कारण लक्षावधी नोटांवर तीच रेषा उमटायची असते. पेन्सिलीचं चित्र याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यात थर दिसतात, बदललेलं मन दिसतं. आजींच्या कानामागे आधीची एक पुसलेली रेषा अजून अंधूक दिसते. कान आधी थोडा खाली काढला होता.

ही छटांची श्रीमंती पेन्सिलीला तशी उशिरा मिळाली. फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यानं 1795मध्ये ग्राफाइटची पूड मातीत मिसळून भाजायची रीत शोधली. मातीचं प्रमाण वाढवलं की शिसं कडक, कमी केलं की मऊ. आजचे एच आणि बीचे क्रमांक याच तत्त्वावर उभे आहेत. आणि त्यानंतर वीस वर्षांतच फ्रेंच चित्रकार अँग्र रोममध्ये पेन्सिलीनं माणसं काढून पोट भरू लागला. नेपोलियनची सत्ता कोसळली, मोठी कामं देणारे फ्रेंच अधिकारी गेले, तेव्हा रोम पाहायला आलेल्या परदेशी प्रवाशांची लहान व्यक्तिचित्रं त्यानं मानधन घेऊन काढली. त्याला स्वतःला ही कामं दुय्यम वाटत. इतिहासातले भव्य प्रसंग रंगवणं हेच खरं काम अशी त्याची धारणा होती. आज त्याची चारशेहून अधिक पेन्सिल-व्यक्तिचित्रं जगभर जपलेली आहेत आणि अभ्यासक ती त्याच्या मोठ्या तैलचित्रांच्या बरोबरीनं पाहतात. 1819मध्ये त्यानं काढलेला व्हायोलिनवादक पागानिनी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चेहरा मन लावून पूर्ण केलेला, कोट मात्र मोकळ्या रेषांत सोडलेला. पंचवटीतल्या आजींच्या खांद्यांवरचे फटकारे त्याच जातकुळीतले आहेत. पैसे घेऊन काढलं म्हणून चित्राची प्रत उतरत नाही, याला याहून मोठा पुरावा नको.

मग असं कुठे थांबायचं हे हाताला कळतं कसं? ते रोजच्या सरावातून कळतं, आणि नाशिकसारखं सरावाचं गाव मिळायला भाग्य लागतं. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची वस्तुचित्रं करून झाली की इथली मुलं वही घेऊन गोदाघाटावर उतरतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारानं हे घाट आणि वाडे आयुष्यभर रंगवले, आणि जागेवर बसून काम करण्याची ती शिस्त पुढच्यांनी उचलली. व्यक्तिचित्र करणाऱ्याला घाटावर माणसांची खाण आहे. रामकुंडावर वस्तरा चालवणारे नाभिक, पोथी उघडून बसलेले पुरोहित, नारोशंकराच्या देवळापाशी टेकलेले यात्रेकरू, बुधवारच्या बाजारात भाजीचे वाटे लावणाऱ्या बाया. यांच्यातलं कुणीही आपल्यासाठी स्थिर बसत नाही. बाई गिऱ्हाइकाकडे वळायच्या आत मान आणि खांदा यांचं नातं पकडावं लागतं. अशा वेळी हात सगळं काढू शकत नाही, म्हणून नेमकं काय काढायचं ते डोळा शिकतो. आजींच्या पदराची सुटलेली कड त्या बाजारात शिकलेली आहे. खिडकीशी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन ती शिकता येत नाही.

घाटावरच्या सरावाची आणखी एक बाजू आहे. तिथे वही झाकून ठेवता येत नाही. मागे माणसं गोळा होतात, ज्याचं चित्र चाललंय तोही उठून बघायला येतो आणि बिनदिक्कत सांगतो, ‘नाक माझं एवढं बसकं नाही.’ चित्र दाखवत काढण्याची ही सवय व्यक्तिचित्रकाराच्या फार कामाची. पुढे घरी बसून एखाद्याच्या वडलांचं चित्र करताना त्याला मधल्या अवस्थेतला कागद नातेवाइकांपुढे ठेवायला संकोच वाटत नाही. आजींच्या चित्रातला तो खाली गेलेला कान आत्यानंच दाखवून दिला होता. दोघांच्या नजरा मिळून तो जागेवर आला.

हे चित्र पाहिल्यावर एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. चौकट करणाऱ्याकडे चित्र दिलं की तो भोवती पुठ्ठ्याचा माउंट कापतो, आणि चित्रकाराची सही बहुतेक वेळा उजव्या कोपऱ्यात, काठाजवळ असते. ती माउंटखाली जाते. घरच्यांच्या ते लक्षात येत नाही आणि दहा वर्षांनी कुणी विचारलं तर चित्र कुणी काढलं ते आठवत नाही. पंचवटीतल्या या चित्राचंही तसंच झालं होतं. घरच्यांनी चौकट उघडून माउंट पुन्हा कापून घेतला आणि सही व साल दोन्ही आता दिसतात. ज्यांच्या घरी असं एखादं चित्र असेल त्यांनी एवढं जरूर करावं: माउंटखाली काय दडलंय ते पाहावं, चौकटीच्या मागे चित्रकाराचं नाव, साल आणि चित्रातल्या माणसाचं नाव लिहून ठेवावं, आणि पाहुण्यांना चित्र दाखवताना दोन्ही नावं सांगावीत. आजींचं नाव घरात राहीलच. त्यांची नजर ज्यानं शोधून काढली त्याचं नावही त्यांच्या शेजारी राहायला हवं.