आण्याचे बारा कंगोरे

सातव्या एडवर्डचा १९०७ सालचा एक आणा हातात घ्यावा आणि डोळे मिटून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवावा. बारा कंगोरे लागतात. बोटाला न टोचणारे, पण दुसऱ्या कोणत्याही नाण्याशी गल्लत होऊ न देणारे. हा साचा घडवणाऱ्याला भर बाजारात, कंदिलाच्या उजेडात, कमरेच्या बटव्यात बोटं घालून मोड शोधणारा माणूस नक्की ठाऊक असला पाहिजे. १८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात एकसमान चलन सुरू झालं, पण त्यात एक आण्याचं स्वतंत्र नाणं नव्हतं. तांब्याचा अर्धा आणा होता, दोन आण्यांची चांदीची इवलीशी चवली होती. मधला आणा लोक चार पैसे मोजून भागवत. १९०७ मध्ये तो तांबे-निकेलच्या मिश्रधातूत आला.

आता डोळे उघडून पाहा. एका अंगाला मुकुटधारी राजा. याच राजाच्या रुपयावर आणि पाव आण्यावर मात्र तो बोडक्या डोक्याचा आहे, हा फरक मला फार आवडतो. दुसऱ्या अंगाला आकडा आणि नाण्याचं मोल चार देशी लिप्यांत: उर्दू, बंगाली, तेलुगू आणि आपली नागरी. व्हिक्टोरियाच्या पाव आण्यावर फक्त इंग्रजी अक्षरं होती. ज्याच्या हाती तो पैसा रोज पडे, त्यालाच ती वाचता येत नसत. आण्यावर मात्र ‘एक आना’ ही अक्षरं कसलाही डौल न मिरवता, कामापुरती, ठसठशीत उमटली आहेत.

व्हिक्टोरियाचा पाव आणा म्हणजे आपला तांब्याचा पैसा. देखणेपणात त्याच्या जवळ जाणारं नाणं या मालिकेत दुसरं नाही. वजन जवळजवळ साडेसहा ग्रॅम. डावीकडे पाहणारी मुकुटातली राणी, तिच्या वस्त्रावरची दाट वेलबुट्टी, मागच्या बाजूला नक्षीच्या कडेत बसवलेलं मोल आणि साल. १८६२ च्या नाण्यावर ती ‘राणी’ आहे, १८७७ पासून ‘सम्राज्ञी’. घासलेल्या नाण्यात आधी जातात ते उंचवटे: कानावरचे केस, गाल, मुकुटाची कड. खोलातली अक्षरं शाबूत राहतात. त्यामुळे असंख्य हातांतून फिरलेल्या पैशावर राणी नुसती सावलीसारखी उरते आणि ‘पाव आणा’ तेवढा ठळक वाचता येतो. चेहरा झिजला तरी बाजाराचं काही अडत नव्हतं.

भाईंदरला राहणाऱ्याने ही नाणी मिठाच्या हिशेबानेही वाचावीत. मुर्धा, राई, मोर्वा या गावांभोवती मिठागरं होती. काहींच्या खुणा अजून दिसतात. इथे पिकलेल्या मिठावरही सरकारचा कर होताच. १९०७ मध्ये तो मणाला एक रुपयावर आणला गेला. रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव आणि मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेरामागे पाच पैला जरासा कमी. १९२३ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी कायदेमंडळाचा विरोध डावलून हाच कर मणाला अडीच रुपये केला. तेव्हा शेराला बरोबर एक आणा पडला. पुढच्याच वर्षी तो सव्वा रुपयावर, म्हणजे शेराला अर्ध्या आण्यावर आला आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहापर्यंत तिथेच होता. आगरात दिवसभर उन्हात मीठ ओढणाऱ्याच्या घरीही शेरभर मिठामागे हा कंगोऱ्यांचा आणा किंवा तांब्याचे दोन पैसे सरकारजमा होत. पै तर जेमतेम नखाएवढी. तिच्या काट्यावर ‘आण्याचा बारावा भाग’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ती हातात धरली, की पैपैचा हिशेब किती खराखुरा होता हे कळतं.

पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण भासली आणि आकारांना बहर आला. १९१८ मध्ये चवली चौकोनी झाली, १९१९ मध्ये चार आण्यांच्या पावलीला आठ कोन आले. त्याच सुमाराचं तांबे-निकेलचं आठ आण्यांचं नाणं मात्र गोलच ठेवलं गेलं आणि ते लोकांनी स्वीकारलं नाही. चांदीच्या सवयीचे हात त्याला नाकारणारच होते. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात राजाच्या प्रतिमेपेक्षा गिऱ्हाइकाच्या बोटांचा विचार अधिक आहे. मोल जितकं कमी, तितकी बाजाराची सरशी जास्त.

ही सरशी पुरी होते १९४३ च्या भोकाच्या पैशात. युद्धासाठी तांबं वाचवायचं होतं, म्हणून मध्ये मोठं भोक ठेवून वजन दोन ग्रॅमच्या आसपास आणलं. भोक मधोमध आल्यावर सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याला जागा कुठली? नावापुरता मुकुट उरला, दुसऱ्या बाजूला पानाफुलांचं कडं. गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव होऊन जेमतेम वर्ष उलटत होतं. टांकसाळीच्या मनात तसलं काही नव्हतं, कारण निव्वळ काटकसरीचं होतं. तरी त्या रिकाम्या वर्तुळाकडे पाहताना मला दर वेळी खोल समाधान वाटतं.

राजे गेले, आकार राहिले. १९५० च्या मालिकेत अशोकस्तंभ आला, पण आण्याचे कंगोरे आणि चवलीचे चार कोन तसेच होते. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली तेव्हाही पाच नये पैसे चौकोनी आणि दहा नये पैसे कंगोऱ्यांचे निघाले.

खाडीकाठी ही नाणी सांभाळणं सोपं नाही. खारी दमट हवा तांब्याला लागते आणि पावसाळ्यात कळंक धरतो. तपकिरी, घट्ट बसलेली पुटं हे नाण्याच्या वयाचं तेज आहे, त्याला हात लावू नये. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड मात्र रोग आहे. असं नाणं लगेच वेगळं काढावं. देवाची भांडी घासतात तसं चिंच-मीठ लावून पैसा लखलखीत करणारे अजूनही भेटतात. तो लालभडक पैसा पाहवत नाही, त्याचा सगळा भूतकाळच खरवडला गेलेला असतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतली रसायनंही तांब्यावर चिकट हिरवा थर आणतात. कागदी पाकीट, कोरडा डबा आणि ओल शोषणारी पुडी एवढं पुरतं.

फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात नाणी पाहायला जरूर जावं, पण तिथे मध्ये काच असते; हातात धरायचं तर नाणं विकतच घ्यावं. पाव आणा आणि भोकाचा पैसा कोट्यवधींनी पाडले गेले, त्यामुळे साधी सालं आजही स्वस्तात मिळतात. सालाखाली ठिपका किंवा बारीक चौकट दिसली तर नाणं बहुधा मुंबईच्या टांकसाळीचं, खूण नसली तर सहसा कलकत्त्याचं. बोटांचा घाम पृष्ठभागाला डाग पाडतो, म्हणून संग्राहक नाणं फक्त कडेने धरतात. आण्याच्या बाबतीत तर सगळी गंमत कडेलाच आहे.