कॅम्पबेल, कॅम्बेल आणि नाशिकचं नाक

नाशिकवर संशोधन करायला घ्या. विषय पांडवलेणी असो, द्राक्षबागा असोत की गोदाकाठचे घाट, पहिल्या महिन्यातच एक जाडजूड ग्रंथ तुमच्या टेबलावर येतोच. १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड. संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. की कॅम्बेल? की कॅम्बल?

माझ्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात तिन्ही होते. प्रस्तावनेत कॅम्पबेल, तळटिपांत कॅम्बेल, आणि एका ठिकाणी तर कँपबेल. सरांनी पेन्सिलीने गोल केले आणि समासात एवढंच लिहिलं, "हे भाऊ-भाऊ आहेत का?" हसू आलं, पण रात्री संदर्भसूची उघडली तेव्हा कळलं की एकाच माणसाच्या नोंदी मी दोन ठिकाणी विखुरल्या होत्या. तुमचंही होईल. आधी वाचून घ्या.

मराठी प्रबंधांत 'कॅम्पबेल' सर्रास दिसतं, कारण आपण स्पेलिंग बघून लिहितो. स्पेलिंगमध्ये पी आहे, म्हणून 'प'. कोणी हटकलंच तर आपलं उत्तर तयार असतं: इंग्रजांना 'प' म्हणता येत नाही, ते गिळतात. इथेच मला आक्षेप आहे. 'प' कोणी गिळलेला नाही, तो मागाहून घुसलेला आहे. आडनाव मूळचं गेलिक, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं. 'काम' म्हणजे वाकडं, 'बेल'सारखा उच्चार असलेला दुसरा शब्द म्हणजे तोंड. वाकडतोंड्या. कुणा पूर्वजाला पडलेलं टोपणनाव, पुढे घराण्याला चिकटलेलं. १३ व्या शतकातल्या स्कॉटिश कागदांत हे नाव पी-शिवायच येतं. पुढे घराणं मोठं झालं आणि वाकडं तोंड काही शोभेना. मग कोणीतरी लॅटिन 'काम्पो बेल्लो', म्हणजे सुंदर मैदान, अशी व्युत्पत्ती जुळवली. पी या अक्षराला तिचा आधार मिळाला. उच्चार मात्र जुनाच राहिला: कॅम्बल.

यात लाजण्यासारखं काय होतं, हा माझा प्रश्न. आपल्याकडे वाकडे, बोबडे, लंगडे, बहिरट ही आडनावं लोक ताठ मानेने लावतातच की. स्कॉटलंडात कॅमेरॉनही आहेत, त्यातल्या डोंगराकडच्या शाखेचं नाव 'वाकडं नाक' या अर्थाच्या गेलिक शब्दांवरून आलेलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ यांच्या नावातला 'डफ' म्हणजे गेलिकमध्ये काळा. थोडक्यात, आपले काळे. शाहिराच्या डफाशी त्याचा काही संबंध नाही. आणि उद्या कोणी 'कॅम्बल आणि कांबळे मूळचे एकच' असा शोधनिबंध घेऊन आलं तर त्यालाही हेच सांगा. कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे.

आता नाकाचा विषय निघालाच आहे, तर घरचं बघू. कॅम्पबेलच्या 'प'ला हसणारे आपण आपल्या शहराच्या नावाबाबत काय करतो? प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हमखास वाक्य असतं: लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नाशिक. पाठोपाठ दुसरं: नऊ शिखरांवर वसलं म्हणून नवशिख, त्याचं नाशिक. दोन्ही एका दमात, 'असे मानले जाते' या वाक्प्रचाराच्या पांघरुणाखाली. मला हे 'असे मानले जाते' अजिबात आवडत नाही. कोण मानतं, कधीपासून, कशावरून, हे सगळं त्यात झाकलं जातं.

जुनी रूपं काढून बघा. पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्य' हे नगराचं नाव येतं. पांडवलेण्यांतल्या प्राकृत लेखात नाशिककरांसाठी 'नासिककानं' आहे. दोन्हीकडे 'क', 'ख' कुठेच नाही, आणि 'नव'मधला 'व'ही नाही. त्यामुळे नवशिख इथेच पडतं. मग आजचा 'शि' कुठून आला? तो मराठीने केला. इ-ईच्या आधीचा 'स' मराठीत 'श' होतो. सीमाची शीव झाली, तशी नासिकची नाशिक. म्हणजे 'नाशिक' अशुद्ध आणि 'नासिक' शुद्ध हा वादही निरर्थक आहे. एक जुनं रूप, एक आपलं.

नाकाची गोष्ट थोडी अवघड आहे. 'नासिका' ध्वनीच्या दृष्टीने बसते. पण शब्द बसला म्हणून कथा सिद्ध होत नाही. नाव आधी असेल आणि कथा नंतर त्याला येऊन चिकटली असेल, जसं सुंदर मैदान कॅम्बेलांना चिकटलं. पंचवटीत श्रद्धेने ती कथा जरूर ऐका. प्रबंधात मात्र तिला 'स्थळकथा' म्हणा, 'व्युत्पत्ती' म्हणू नका.

मग लिहायचं काय? मी 'कॅम्बेल' लिहितो. काटेकोर उच्चार 'कॅम्बल' आहे हे मान्य, पण मराठी वाचकाला 'बेल' ओळखीचं आहे आणि तेवढी सूट मी घेतो. 'प'ला मात्र सूट नाही. शिवाय सूचीत एकदाच कंसात 'कॅम्पबेल असेही लिहिले जाते' अशी नोंद टाकतो, म्हणजे ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांत शोधणाऱ्याची फसगत होत नाही.

आणखी एक, आणि हे मला उच्चारापेक्षा जास्त खुपतं. त्याच खंडात पांडवलेण्यांवरचं लेखन आहे. आपण त्याखाली बिनधास्त 'कॅम्बेल, १८८३' ठोकतो. ते काम जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजींचं. लेख वाचणारे, ठसे घेणारे, अर्थ लावणारे ते. कॅम्बेल संपादक होते. त्यांच्या आडनावातला एक 'प' काढायला मी दोन दिवस घालवले, पण भगवानलालांचं अख्खं नाव माझ्या तळटिपांतून गायब होतं आणि ते सरांच्याही पेन्सिलीतून सुटलं होतं. काल रात्री बसून सतरा तळटिपा दुरुस्त केल्या. तुमच्या किती निघतात, मोजा.