गृहत्यागाची मीमांसा : धर्मानंद कोसंबी आणि डॉ. आंबेडकर

बोधिसत्त्वाने घर का सोडले, हा प्रश्न वरवर चरित्रकाराचा वाटतो. वस्तुतः तो धर्माच्या स्वरूपाचा प्रश्न आहे. वृद्ध, रोगी व मृत मनुष्य पाहून त्यास वैराग्य आले असे मानल्यास बौद्ध साधना ही मुख्यतः व्यक्तीच्या दुःखमुक्तीची वाट ठरते. माणसामाणसांतील कलह पाहून तो बाहेर पडला असे मानल्यास, शांततेसाठी व न्यायासाठी झटणे हे त्या साधनेचे आनुषंगिक फळ न राहता तिचे मूळ प्रयोजन ठरते. धर्मानंद कोसंबी व डॉ. आंबेडकर या दोघांनीही दुसरा पक्ष स्वीकारला. त्या पक्षाचा आधार कितपत दृढ आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथात कोसंबींनी दाखविले आहे की, निमित्तदर्शनाची कथा त्रिपिटकात विपस्सी बुद्धाच्या चरित्रात येते. गौतमाच्या चरित्रास ती मागाहून जोडली गेली. तिच्याऐवजी त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्त पुढे ठेवले. शस्त्र उचलल्याने भय उपजते आणि अपुऱ्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी, परस्परांशी झगडणारी माणसे पाहून आपणास भय वाटले, असा त्या सुत्ताचा आशय आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात होणारे तंटे या उद्वेगाच्या मुळाशी असावेत, असा कोसंबींचा तर्क आहे.

या तर्कावर दोन आक्षेप संभवतात. सुत्तात रोहिणीचा नामनिर्देश नाही. आणि अट्ठकथांत तो तंटा येतो तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा, बुद्धाने मिटविलेला म्हणून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मध्यरात्रीच्या पलायनाची कथा खोडून काढण्यासाठी कोसंबी अरियपरियेसनसुत्ताचा आधार घेतात. आईबाप रडत असता त्यांच्या डोळ्यांदेखत बोधिसत्त्व निघाला, असे त्यात म्हटले आहे. परंतु तेच सुत्त गृहत्यागाचे कारण म्हणून जन्म, जरा, व्याधी आणि मरण यांचाच निर्देश करते. एका मुद्द्यासाठी साक्षीदार प्रमाण मानावयाचा आणि दुसऱ्यासाठी त्याचे ऐकावयाचे नाही, हे प्रमाणशास्त्रास धरून नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा डॉ. आंबेडकरांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. तेथे तर्काचे रूपांतर प्रसंगात होते. सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद आहे. तो युद्धास विरोध करतो, मतदानात हरतो आणि आप्तांवर आपत्ती येऊ नये म्हणून परिव्रज्या पत्करतो. परंतु या रचनेचा खरा मर्मबिंदू पुढे आहे. शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची वार्ता येते, तेव्हा परतण्यास हरकत उरलेली नसते. तरी सिद्धार्थ परतत नाही. युद्ध हे एका व्यापक कलहाचे केवळ एक रूप आहे आणि तो कलह वर्गावर्गांत, घराघरांत चालूच आहे, हे त्याच्या ध्यानात येते. कोसंबींच्या मांडणीत भर शस्त्रत्यागावर आहे. आंबेडकरांच्या मांडणीत अल्पमतात राहूनही सत्य बोलण्याच्या कर्तव्यावर आणि कलहाच्या सामाजिक कारणांवर.

इतिहास म्हणून दोन्ही मांडण्या सिद्ध झाल्या आहेत असे म्हणता येणार नाही. तथापि, अन्वयार्थ म्हणून त्या निराधारही नाहीत. अत्तदण्डसुत्त पुढे वाचले असता असे दिसते की, बाहेरचा कलह पाहिल्यावर हृदयात रुतलेले शल्य दिसते आणि ते उपटल्यावरच धावाधाव थांबते. बाहेरचा दंड व आतील शल्य यांचा हा संबंध महत्त्वाचा आहे. शल्य न काढता केलेला समेट टिकत नाही. आणि दंडाकडे डोळेझाक करून केलेली शल्यचिकित्सा स्वार्थी ठरते. आदर्श भिक्खू हा केवळ पूर्ण पुरुष की समाजसेवक, हा आंबेडकरांनी प्रस्तावनेत उपस्थित केलेला प्रश्न याच संबंधातून निघतो.

कोसंबी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरास लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. या कृतींमुळे त्यांचे पाठनिर्णय बरोबर ठरत नाहीत, हे संशोधकाने विसरू नये. परंतु जरा-मरणाचे सुत्त आणि कलहाचे सुत्त अशी दोन्ही एकाच परंपरेने जतन केली आहेत, हेही त्याने विसरू नये. यांपैकी एकास गाळून दुसऱ्यास बुद्धाचा एकमेव शब्द ठरविण्याची घाई जुन्या कथाकारांनी केली. ती आपण उलट दिशेने करू नये.