राख: अंगावर आणि पोटात

जपानमधल्या बिझेनला भट्टी एकदा पेटली की दहा-बारा दिवस विझू देत नाहीत. लाल पाइनची लाकडं सारत राहतात, जाळाबरोबर राख उडते, भांड्यांवर बसते आणि १२०० अंशांच्या वर वितळून काच होते. राखेतला चुना आणि पोटॅश मातीतल्या सिलिकाला पाझर फोडतात. ब्रश नाही, रंगाचं डबडं नाही. जपानमधल्याच शिगाराकीत ही काच हिरवट थेंबांनी ओघळते. बिझेनमध्ये तिचे ठिपके पडतात. त्यांना तिथे ‘गोमा’ म्हणतात, म्हणजे तीळ.

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठच्या कुंभाराचंही राखेवाचून चालत नाही. फक्त त्याची राख भांड्याच्या अंगावर न बसता पोटात जाते. काळी माती चिकट, वाळताना तडकणारी. म्हणून गाळात राख नि लीद घालून माती तुडवायची. आव्यात लीद जळते, बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी पाझरतं, सुकतं आणि माठ गार राहतो. गोवऱ्या-पऱ्हाट्यांचा आवा साधारण आठ-नऊशे अंशांपर्यंत जातो. तेवढ्यानं राख वितळत नाही. आच आणखी वाढवली तर लोहाची ही माती आधी फुगेल, मग बसेल. आणि समजा वर काच चढलीच, तर मे महिन्यातल्या परभणीत त्या माठाचा काय उपयोग?

पोटातल्या राखेची ही गोष्ट आपल्या कलासमीक्षेनं कधी मनावर घेतली नाही. दुसरीकडे, जपानमध्ये शिकून आलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासोबत १९७१ साली पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी उभी केली. उच्च तापमानाच्या कामाची एक पिढी तिथे घडली. निर्मला पटवर्धनांनी लेपांचे प्रयोग करून कुंभारकाम करणाऱ्यांसाठी हस्तपुस्तक लिहिलं. भाईंदरच्या ब्रह्मदेव पंडितांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये जयपूरला मृत्तिकाकलेचं त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं. ही कमाई मोठी आहे. पण लाकडाच्या भट्टीतली आपली बरीच भांडी अजून जपानी पाइनच्या आठवणीत जळतात. पऱ्हाटीची, तुऱ्हाटीची राख कोणता रंग देते, हा प्रश्न आपल्या मातीचा आहे आणि तो फार थोड्यांना पडतो.

कुंभारवाड्यालाही सूट देऊ नये. संक्रांतीच्या सुगडांवर ऑइलपेंट चढतो, माठावर चकाकी येते. जे छिद्र टिकवायला राख-लीद तुडवली, तेच रंगानं बुजतं. गिऱ्हाईक चकाकीला भुलतं हे खरं. पण चकाकी हे बिझेनचं यश आहे, माठाचं नव्हे.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा मराठवाड्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच नामदेवांच्या घरची जनाबाई आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तिथल्या बाजारात आजही बाई माठ बोटानं वाजवते, कान लावते आणि बद्द आवाज आला की मुकाट्यानं खाली ठेवते. कलादालनात त्याच माठाखाली ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. मग माठ पक्का की कच्चा, हे तिथे कळायचं कसं?