पडद्यावरची दखनी

जानेवारी 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे नववा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. त्या वर्षीचा पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार जावेद अख्तर यांना देण्यात आला. साहजिकच आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये त्याचीच चर्चा होती. उद्घाटनाच्या दिवशी शाळा असल्याने तो सोहळा मला पाहता आला नाही. शनिवार-रविवारी मात्र जालन्याहून एस.टी.ने साठेक किलोमीटरचा प्रवास करून मी गेले. मला खरे तर परदेशी चित्रपटांपेक्षा मराठवाड्यातल्या मुलामुलींचे लघुपट पाहायचे होते. महोत्सवात मराठवाडा लघुपट स्पर्धा असते. एमजीएम विद्यापीठात चित्रपटकलेचे शिक्षण मिळते आणि हे विद्यापीठ महोत्सवाशी जोडलेले आहे. त्यामुळे शिकणारे, शिकून बाहेर पडलेले आणि शिकविणारे असे तिन्ही प्रकारचे लोक तेथे एकाच रांगेत उभे दिसतात. आपल्या भागात पूर्वी सिनेमा म्हणजे टॉकीज, फार तर व्हिडिओ पार्लर. सिनेमा हा शिकण्याचा विषय असतो, त्याचा अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते, हे आमच्या पिढीला उशिराच कळले.

त्या स्पर्धेतल्या लघुपटांची नावे मी येथे घेणार नाही. शिकाऊ हाताच्या पहिल्या कामावर नाव घेऊन शेरे मारणे शिक्षिकेला शोभत नाही. मला बोलायचे आहे ते एका सर्वसाधारण उणिवेविषयी. गेल्या काही वर्षांत महोत्सवात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, फोनवर असे बरेच विद्यार्थी लघुपट मी पाहिले. त्यांत शेतकऱ्याचे घर ऐकताक्षणी ओळखू येते. आई चुलीपुढे बसून जे बोलते ते परतूरचे आहे की पैठणचे, हेही कान देऊन सांगता येते. पण त्याच लघुपटात मुस्लिम माणूस आला की त्याची भाषा एकदम गाव सोडते. तो ‘जनाब’ म्हणतो, ‘तशरीफ’ म्हणतो, ‘बरखुरदार’ म्हणतो. आमच्या मोहल्ल्यात कोणी कोणाला ‘बरखुरदार’ म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. आमच्याकडे ‘कायकू रे पोट्ट्या’ म्हणतात.

हा दोष नवा नाही. रामगढसारख्या खेड्यातल्या इमामसाहेबांची उर्दू नेमकी कोणत्या गावची, हा प्रश्न 1975 साली ‘शोले’ पाहताना कोणाला पडला नव्हता. तेव्हा तो पडण्याचे कारणही नव्हते, कारण त्या सिनेमात रामगढलाच पत्ता नव्हता. विद्यार्थ्यांच्या चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याजवळ पैसा नसतो, नट नसतात, सेट नसतो. त्याच्याजवळ असते ती फक्त ओळखीची गल्ली आणि तिथली बोली. तीच खोटी निघाली तर मग उरले काय?

विद्यार्थ्याच्या अभ्यासातून निघालेला चित्रपट किती खरा असू शकतो, याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन अभ्यास शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला आणि तो राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. शाळेची ओढ लागलेल्या, पण ज्याच्या घरात शाळेला जागा नाही अशा मुलाची ती गोष्ट. सूरज पवारने केलेला तो मुलगा बोलतो तेव्हा तो कोणत्या वस्तीतून आला हे वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून उमेश कुलकर्णी यांनी पदविकेसाठी केलेला ‘गिरणी’ (2004) हाही तसाच. आई घरात पिठाची गिरणी घेते आणि मुलाला त्या आवाजाचा, पीठ पोचविण्याच्या कामाचा जाच होतो. गिरणीचा आवाज त्या चित्रपटात एखाद्या पात्रासारखा वावरतो. दोन्ही चित्रपट छोटे, दोन्ही विद्यार्थ्यांचे, आणि दोन्हींत आधी कानाने घर उभे राहते, मग डोळ्याने.

पुढे मंजुळे यांच्याच ‘सैराट’मध्ये (2016) सल्या आला. सलीम शेख. अरबाज शेखने केलेला हा मुलगा परश्याचा मित्र आहे, एवढेच त्याचे काम. त्याला देशभक्ती सिद्ध करावी लागत नाही, त्याच्या घरी तलाकही होत नाही. करमाळ्याकडची जी मराठी परश्या बोलतो तीच सल्या बोलतो. मला हे फार आवडले होते. मराठी सिनेमा आपल्या दारात आला की बहुधा तलाकच्या प्रश्नावरूनच येतो. ‘हलाल’ची कथा तर राजन खान यांची, म्हणजे आपल्यातल्याच लेखकाची, आणि ती लिहिण्याचा त्यांचा अधिकार मी मानते. तरीही वाटते की या एका दारातून किती वेळा यायचे? सल्या वेगळ्या दाराने आला. फक्त तो मित्रांबरोबर असताना दिसतो. घरी गेल्यावर आईशी तो काय बोलतो, हे दाखविणे ‘सैराट’चे काम नव्हते. ते काम कोणाचे, हा माझा प्रश्न आहे.

येथे सईद मिर्झा यांचा ‘नसीम’ (1995) आठवल्याशिवाय राहत नाही. मिर्झा हेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी, पुढे त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. 1992 च्या जून ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईतल्या एका मध्यमवर्गीय मुस्लिम घरात हा चित्रपट घडतो. पंधरा वर्षांची नसीम शाळेत जाते, घरी आली की अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ बसते. आजोबांचे काम कैफी आझमी यांनी केले. बाहेर वातावरण तापत जाते, टीव्हीवर बातम्या चालू असतात, आणि आजोबा नातीला फाळणीपूर्वीच्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात. 6 डिसेंबरला ते जातात. बी.एड.च्या वर्षी मी हा चित्रपट प्रथम पाहिला. तेव्हा फक्त रडले. आता पुन्हा पाहताना लक्षात येते की आजोबांची उर्दू इतकी शुद्ध का, याचे उत्तर चित्रपट देतो. ती आग्र्याहून आली आहे, ती त्यांच्या आठवणीची भाषा आहे आणि त्यांच्याबरोबरच ती घर सोडून जाते. भाषेला पत्ता आहे. मिर्झा यांच्याच ‘सलीम लंगडे पे मत रो’मधल्या पोरांची बोली याच्या अगदी उलट, रस्त्यावरची, पण तिलाही मुंबईतल्या गल्लीचा पत्ता आहे. एकच दिग्दर्शक दोन मुस्लिम घरांसाठी दोन भाषा ऐकतो, हे मला त्यांच्या राजकीय मतांपेक्षाही मोठे वाटते.

नसीमचे काम करणारी मयूरी कांगो ही आपल्या औरंगाबादची मुलगी, हे नव्या वाचकांना ठाऊक नसेल. म्हणजे मराठवाड्याची मुलगी मुंबईच्या मुस्लिम घरात गेली आणि शोभली. मराठवाड्याचे मुस्लिम घर मात्र अजून पडद्यावर यायचेच आहे.

अलीकडचे उदाहरण पायल कपाडिया यांचे. त्याही फिल्म इन्स्टिट्यूटच्या. त्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला 2024 साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. मुंबईतल्या मल्याळी नर्सची ही गोष्ट. त्यातल्या अनूचा मित्र शियाझ मुस्लिम आहे आणि तो मल्याळमच बोलतो. त्याच्या मोहल्ल्यात जाता यावे म्हणून अनू बुरखा विकत घेते, घालते, निघते, आणि वाटेतच भेट रद्द झाल्याचे कळते. या प्रसंगात बुरखा ना पीडा आहे ना गौरव. तो त्या दिवसापुरता उपाय आहे. पण मला त्यापेक्षा जास्त भावले ते शियाझचे मल्याळम. केरळच्या मुसलमानाला मल्याळम बोलण्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. आपल्याला मात्र मराठी बोललो की ‘छान बोलता हो तुम्ही’ असे ऐकावे लागते. मला तर पालकसभेनंतरही ऐकावे लागले आहे.

आणि मालेगाव. तेथे ना विद्यापीठाचा विभाग, ना अभ्यासक्रम. शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला तो यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांसाठी, त्यांच्याच बोलीत. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट पाहावा. त्यात हसू येते ते गरिबीचे नव्हे, तर ओळखीचे. ज्या इमामसाहेबांच्या गावाला पत्ता नव्हता, त्या गावाला मालेगावकरांनी आपला पत्ता दिला. चित्रपटाच्या शाळेत जे शिकविले जाते ते सगळे त्यांना येत होते असे मी म्हणणार नाही. चौकट वाकडी, आवाज फाटका. पण कान सरळ होता.

दखनी ही काही बिघडलेली उर्दू नव्हे. वली आणि सिराज ज्या औरंगाबादचे, त्याच मुलखातली ही बोली आहे. तिने मराठीकडून ‘नको’ घेतला आणि तो ‘नक्को’ झाला. मराठीचा ठाम ‘च’ घेतला म्हणून आमच्या घरी ‘मैंच आया’, ‘वहींच था’ असे म्हणतात. ‘पण’चा ‘पन’ झाला. मराठी आणि उर्दू एकमेकींच्या शेजारी किती काळ राहिल्या याचा इतका घरगुती पुरावा दुसरा नाही. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण सांगत आलो की मराठी ही आमचीही भाषा आहे. ते खरेच आहे. पण दखनीत मराठी किती खोल बसली आहे, हे कागदापेक्षा पडदा चांगले सांगू शकेल, कारण ते लिहिता येत नाही, ऐकावे लागते.

मग दोष कोणाचा? पंचविशीतल्या मराठी मुलाने ‘जनाब’ लिहिला तर त्याने तो सिनेमातून उचलला, दुसरे काय करणार? त्याच्या वर्गात मोहल्ल्यातली मुले जवळपास नाहीतच. ती का नाहीत, याचे उत्तर मला माझ्याच शाळेत शोधावे लागते. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी बारावी होऊन माझ्याकडे आला होता. त्याला चित्रपटाचे शिक्षण घ्यायचे होते. वडील रिक्षा चालवितात. ते म्हणाले, ‘‘फोटू निकालनेकू भी कालेज लगता क्या टीचर?’’ मी फीचा आकडा विचारला, आणि मग मीच त्या मुलाला बी.एस्सी.ला जा म्हणाले. आता तो मोबाइलच्या दुकानात आहे. तेव्हा मला ‘गिरणी’ ठाऊक नव्हता, ही सबब पुरेशी नाही. शिवाय फी कोठून आणायची याचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही. ज्यांचे विद्यार्थी महोत्सवात दिसतात त्या संस्थांनी उर्दू शाळांपर्यंत एकदा तरी यावे, एखादा दिवस मुलांना कॅमेरा हाती द्यावा, असे मात्र मला वाटते.

यंदा नववीतल्या एका मुलीने तीन मिनिटांची फिल्म फोनवर करून मला दाखविली. तिची दादी सुपात तूर पाखडते आहे आणि 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याचे सांगते आहे. फोन हलतो, मध्येच शेळी ओरडते. दादी म्हणते, ‘‘पानी हमकू नक्को था क्या? होना था, पन आताच नै था.’’ खाली उर्दूत जी ओळ मुलीने लिहिली होती तीत ‘हमें’ होते, ‘दरकार’ होते, आणि ‘च’ कोठेच नव्हता. मी विचारले, दादी जे बोलली तेच का नाही लिहिले? तिने दप्तरातून निबंधाची वही काढून पुढे केली. सहामाहीच्या निबंधात तिने ‘नक्को’ लिहिला होता आणि त्याच्यावर मी लाल रेघ मारली होती.