आजारपणाचा खर्च : कोणाच्या खिशातून मोजायचा?

मुंबईच्या 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या संस्थेने १९८९ साली 'कॉस्ट ऑफ हेल्थ केअर' हा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखक रवी दुग्गल आणि सुचेता अमीन. उपशीर्षकात 'भारतातील एका जिल्ह्यातील घरोघरची पाहणी' एवढेच म्हटले आहे. तो जिल्हा म्हणजे जळगाव. मुखपृष्ठावर तसे छापले असते, तर निदान खानदेशातल्या शाळांनी तरी तो मागवला असता!

आरोग्यावरचा खर्च म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातला आकडा, असे धरून चालण्याची तेव्हा पद्धत होती. या लेखकांनी घराघरांत विचारले. माणशी वर्षाला सुमारे १८० रुपये खर्च निघाला, आणि लोक बहुतांशी खाजगी डॉक्टरकडे जातात असे दिसले. पाच माणसांच्या घराला ९०० रुपये; १९८७ च्या आसपास ही रक्कम लहान नव्हती. अभ्यासाचे हे मोल आजही कमी होत नाही.

तक्रार आहे ती शीर्षकातल्या 'कॉस्ट' या शब्दाबद्दल. घरी जाऊन विचारले की घराने दिलेले पैसे कळतात. उपचाराला एकूण काय लागले, ते कळत नाही.

समजा, रावेर तालुक्यात केळीच्या बागेत रोजाने जाणारी बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन पाच दिवस ग्रामीण रुग्णालयात राहिली. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, म्हणून केस पेपरचे पैसे शून्य. रोज ३०० रुपये धरला, तर बुडालेली मजुरी १५००. एसटीचे जाऊन-येऊन पूर्ण भाडे ८० रुपये असेल, तर २०२३ पासूनच्या महिला सवलतीमुळे ती ४० देते. खाण्यापिण्याचे जादा २६० धरू. 'मोफत' उपचार घराला १८०० रुपयांना पडला. शिवाय डॉक्टर-परिचारिकांचे पगार, औषधे, खाट आणि भाड्यातले उरलेले ४० रुपये सरकारने सोसले. सवलतीने भाडे नाहीसे होत नाही, देणारा बदलतो. आणि बाईऐवजी आजी थांबली असती तर? तिची मजुरी बुडत नाही, म्हणून तिचे पाच दिवस शून्य रुपयांचे धरायचे का? मला ते पटत नाही, पण किंमत किती लावावी यावर जाणकारांतही एकमत नाही.

जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. त्याआधी खानदेशात ते धुळ्यालाच होते. नव्या महाविद्यालयाने जळगावच्या कुटुंबांचा प्रवासखर्च वाचला, सरकारचा खर्च वाढला. घरोघरच्या पाहणीत यातली पहिलीच बाजू उमटेल. उलट, दोन्ही बाजूंचे आकडे नुसते मिळवले तरी फसगत होते. रुग्णाने दवाखान्यात भरलेली फी त्याच्या खर्चात धरली आणि दवाखान्याच्या एकूण खर्चातून ती वजा केली नाही, तर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

सरासरीचेही असेच आहे. दहा घरांपैकी नऊ घरांचा खर्च २०० रुपये आणि एका घरात शस्त्रक्रियेचे २०,२०० असतील, तर सरासरी येते २२००. इतका खर्च दहांपैकी एकाही घराचा नाही. कर्ज काढावे लागले ते घर सरासरीत दिसेनासे होते. आठवी-नववीच्या वर्गात हे उदाहरण सोडवून घ्यावे आणि मग मुलांना आपल्या गल्लीतली दहा घरे द्यावीत. गेल्या पंधरा दिवसांतला खर्च आधी विचारावा, नंतर गेल्या वर्षाचा, आणि पहिल्या आकड्याला २४ ने गुणून दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत.